जेटची बोट पंख्यावर आणताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या जेट-ड्राइव्ह, म्हणजे तळातून पाणी ओढून मागे फेकत चालणाऱ्या, बोटीत मोटारीचे इंजिन आणि पंखा (प्रॉपेलर) बसवण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. विषय कामाचा आहे. जेट युनिट झिजलेले पण हल, म्हणजे बोटीचे कवच, ठणठणीत, अशा बोटी बऱ्याच पडून असतात आणि त्या मोडीत काढणे जिवावर येते. मात्र लेखातला क्रम जेट काढा, भोक बुजवा, शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) टाका, इंजिन जोडा एवढाच आहे. तो वाचून कुणी ग्राइंडर हातात घेतला तर बोट पाण्यात उतरेल, पण धड चालणार नाही. बोटीतले वजन कुठे बसते, ढकलणारा रेटा हलला कुठे लागतो आणि इंजिन थंड करणारे पाणी कुठून येते, या तिन्ही गोष्टी जेटभोवती ठरवलेल्या असतात. जेट निघाले की तिन्ही एकदम सुटतात. लेखात याचा उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक शंका फेडून घ्यावी. बोट पूर्वीसारखी पळत नाही, पेट्रोल फार पिते, इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, एवढ्याच कारणासाठी जेट काढायचे असेल तर थांबा. जेटमधला इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) आणि त्याभोवतीची झिजकडी (झिजली की बदलायची कडी) यांच्यातले अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नव्या युनिटमध्ये ते मिलिमीटरच्या अंशात असते. एका बाजूला १ मिमीच्या पुढे गेले की पाणी पात्यांच्या टोकावरून मागे सरकते आणि इंजिनाची ताकद फुकट जाते. रेती-गोट्यांच्या पाण्यात चाललेल्या बोटीत हेच सर्वांत आधी होते. झिजकडी बदलणे आणि इंपेलर भरून घासून घेणे हे पुढच्या सगळ्या खटाटोपाच्या मानाने किरकोळ काम आहे. बोट उथळ पाण्यातच चालवायची असेल तर जेटला पर्यायही नाही. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात जेट बोट विकसित केली ती तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठीच. उलट माणसे किंवा माल भरून १०–२० नॉटच्या वेगाने जायचे असेल, काही ओढून न्यायचे असेल आणि पाणी खोल असेल, तर त्या वेगाला पंखा जेटपेक्षा बराच कार्यक्षम आहे आणि बदल करण्याला अर्थ आहे.

आता वजनाचे. जेट बोटीत इंजिन जवळजवळ ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, टेकलेले असते. सरळ शाफ्ट टाकायचा ठरवला की ते तिथे राहूच शकत नाही, याचे गणित साधे आहे. ५.५ मीटरच्या बोटीला १४ इंची, म्हणजे ३५५ मिमी व्यासाचा पंखा धरा. पात्याचे टोक आणि बोटीचा तळ यांच्यात व्यासाच्या निदान १५ टक्के, म्हणजे ५३ मिमी, मोकळी जागा हवी. ती कमी ठेवली तर प्रत्येक पाते तळाखालून जाताना दणका देते आणि सारी बोट थरथरते. म्हणजे शाफ्टचा मध्य पंख्यापाशी तळाखाली सुमारे २३० मिमी. आत गिअरबॉक्सच्या कपलिंगचा, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो त्या सांध्याचा, मध्य तळापासून निदान १५० मिमी वर. एकूण चढ ३८० मिमी. शाफ्टचा कल १२ अंश ठेवायचा तर हा चढ चढायला १.८ मीटर लांबी लागते, १० अंशांना २.१५ मीटर. १५ अंशांना १.४ मीटर पुरते, पण १२–१३ अंशांच्या पुढे न जाणे बरे. तिथून पुढे रेट्याचा एक भाग बोट पुढे नेण्याऐवजी तिचा मागचा भाग उचलण्यात जातो आणि फिरणाऱ्या पात्यावरचा भार दर फेऱ्यात वरखाली होतो. पंख्याच्या मागे सुकाणूसाठी ३०० मिमी सोडा. कपलिंग ट्रान्समपासून २.१ मीटरवर आले आणि इंजिनाचा मध्य साधारण २.६ मीटरवर, म्हणजे बोटीच्या ऐन पोटात.

पूर्वी तोच मध्य १.४ मीटरच्या आसपास होता. २५० किलोचे इंजिन आणि गिअरबॉक्स १.२ मीटर पुढे सरकले, तर १,२०० किलोच्या बोटीचा गुरुत्वमध्य पाव मीटर पुढे जातो. वरून जेटचे वजन आणि त्याच्या बोगद्यात भरून राहणारे पाणीही मागून गेले, आणि बुजवलेल्या जागेला नवी तरंगशक्ती आली. परिणाम एकच. मागची बाजू उचलली जाते, नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, दबते, बोट पाण्यावर चढायला कुरकुरते, आणि लाटेवरून उतरताना नाळ पाण्यात खुपसून एका बाजूला ओढ घेते. टाकी, बॅटरी, आसने मागे नेऊन यातले थोडेच भरून निघते.

म्हणून अशा हलला सरळ शाफ्ट हा माझ्या मते शेवटचा पर्याय. व्ही-ड्राइव्ह गिअरबॉक्स घेतला तर इंजिन उलटे, फ्लायव्हील नाळेकडे करून बसते, शाफ्ट इंजिनाखालून मागे वळतो आणि वजन जुन्याच जागी राहते. त्याहून सोयीचा स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा पाय ट्रान्समबाहेर. त्यात रिव्हर्स, सुकाणू, एक्झॉस्टची वाट आणि बहुतेक जातींत थंड पाण्याचे तोंडही एकाच युनिटमध्ये येते, इंजिन ट्रान्समला लागून बसते, आणि उथळ पाणी आले की पाय वर उचलता येतो. त्याला ट्रान्सम मात्र ५० ते ५७ मिमी जाड, दोन्ही बाजूंनी सपाट व समांतर, आणि मागे साधारण १३ अंश कललेला लागतो. जेटच्या ट्रान्समला मोठे भोक असते आणि आतले प्लायवुड त्या भोकाच्या कडेने बहुधा कुजलेले असते. हातोडीने ठोकून पाहा. जिथे आवाज भद्द येतो तिथले लाकूड काढावेच लागते. मोटारीच्या इंजिनाचा आग्रहच नसेल तर मजबूत केलेल्या ट्रान्समवर आउटबोर्ड, म्हणजे पंख्यासकटचे तयार इंजिन, टांगणे सर्वांत सरळ. लेखात हा पर्याय एका ओळीत तरी यायला हवा होता.

भोक बुजवणे हे दिसायला सोपे आणि सर्वांत जास्त बिघडणारे काम. जेटचे तोंड बोटीच्या ऐन मध्यावर, वेगात सर्वाधिक दाब येणाऱ्या भागात असते. फायबरच्या हलला नुसते झाकण चिकटवून भागत नाही. कडा जाडीच्या १२ पट उतरती घासावी लागते. ८ मिमी जाडीच्या तळाला चोहोबाजूंनी ९६ मिमी, म्हणजे जवळजवळ वीतभराचा निम्मा पट्टा. बाहेरून मेण लावलेली गुळगुळीत लॅमिनेट शीट तळाच्या आकारात घट्ट बसवा आणि आतून थर द्या. पॉलिएस्टर रेझिनमध्ये चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचा (काचतंतूंच्या चादरीचा) एक थर सुमारे १ मिमी भरतो. तीन-चार थर झाले की थंड होऊ द्या, नाहीतर रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तडकते. जुन्या, कडक झालेल्या फायबरवर साध्या पॉलिएस्टरची पकड कच्ची असते. इथे इपॉक्सी किंवा व्हिनाइलएस्टर वापरा. इपॉक्सी घेतलीत तर नेहमीची पावडर किंवा इमल्शन बाइंडरची मॅट चालत नाही. तंतू धरून ठेवणारा तो बाइंडर विरघळतो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये आणि इपॉक्सीत स्टायरीन नसते, त्यामुळे मॅट ताठ व कोरडी राहते. शिवलेले किंवा विणलेले कापड घ्या. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोटही (बाहेरचा चकचकीत थर) धड धरत नाही, बाहेरून रंगच द्यावा लागतो.

आतल्या लांबीच्या तुळया जेटच्या बोगद्यापाशी तोडलेल्या असतात. त्या नव्या तुकड्यावरून पुढे ट्रान्समपर्यंत जोडून घेतल्याशिवाय आणि आडव्या दोन पट्ट्या दिल्याशिवाय बुजवलेला भाग वेगात लपलपत राहतो आणि काही महिन्यांत कडेने चीर दिसते. अॅल्युमिनियमच्या हलला ५०८३ जातीचा पत्रा, कोपरे गोल करून, ५३५६ किंवा ५१८३ च्या तारेने आणि वेल्डिंग तुकड्यातुकड्याने उलटसुलट घेत करावे. सलग मारले की पत्रा ओढला जातो. दोन्ही प्रकारांत शेवटी लांब सरळ पट्टी तळाला लावून पाहा. मागच्या दीड मीटरमध्ये २–३ मिमीपेक्षा जास्त पोकळी असेल तर वेगात नाळ दाबली जाते, तेवढाच फुगवटा असेल तर बोट घोड्यासारखी उसळत राहते. हा दोष नंतर कोणत्याही पंख्याने जात नाही.

रेट्याविषयी लेख पूर्ण गप्प आहे. जेटमध्ये बोट पुढे ढकलणारा जोर जेटच्या स्वतःच्या थ्रस्ट बेअरिंगवर येऊन तिथूनच तळाला आणि ट्रान्समला लागतो. इंजिन फक्त पीळ देते, मधे कार्डन जॉइंट (कोनातही फिरणारा सांधा) असतो, त्यामुळे इंजिनाखाली मोटारीचेच रबर असले तरी चालून जाते. शाफ्ट आणि पंखा आला की तो जोर शाफ्टमधून गिअरबॉक्सवर, तिथून इंजिनाच्या पायांवर आणि पायांमधून तुळयांवर येतो. ७५ किलोवॅट, २४ नॉट आणि पंख्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हा रेटा ३४० किलोच्या आसपास भरतो, बोट पाण्यावर चढत असताना त्याहून जास्त, आणि रिव्हर्स टाकला की उलट दिशेने. मोटारीचे रबर यात फाटते, कपलिंगची रेषा मोडते आणि मग दोष शाफ्टला दिला जातो. रेटा सोसणारे सागरी माउंट हवेत, आणि ते ज्या तुळयांवर बसतील त्यांच्या माथ्याला आतून पोलादी किंवा जाड अॅल्युमिनियमची पट्टी हवी. लाकडात घुसवलेले कोच स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत.

मोटारीचाच गिअरबॉक्स टॉपमध्ये ठेवून चालवा, असा सल्ला लेखात दिला आहे. तो घेऊ नका. त्या गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगला लांबीच्या दिशेचा जोर सोसायची सवयच नाही, उलट मागचा योक (कार्डनचा जोड) स्प्लाइनवर (दात्यांच्या खाचांवर) पुढेमागे सरकावा अशीच त्याची रचना आहे. पेट्रोल इंजिनाचे फेरे १:१ ने पंख्याला दिले तर पंखा छोटा आणि वेगवान घ्यावा लागतो, आणि जड बोटीखाली तो नुसते पाणी घुसळतो. रिव्हर्समध्ये मात्र फेरे एकदम तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतात आणि बोट थांबवायची तेव्हा थांबत नाही. २:१ च्या आसपासचा सागरी गिअरबॉक्स, त्याच्या आणि फ्लायव्हीलच्या मधे डॅम्पर प्लेट (झटके शोषणारी स्प्रिंगांची चकती), आणि बेलहाउसिंगला (फ्लायव्हीलभोवतीच्या कवचाला) अॅडॉप्टर प्लेट एवढे लागतेच. अॅडॉप्टर बसवल्यावर डायल गेज क्रँकला बांधून एक फेरा फिरवा. मध्य ०.१–०.२ मिमीपेक्षा जास्त हुकला असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे सील आणि डॅम्परच्या स्प्रिंगा फार टिकत नाहीत.

शाफ्टची जाडी डोळ्याने ठरवू नये. ७५ किलोवॅट मिनिटाला ५,००० फेऱ्यांना म्हणजे १४३ न्यूटन-मीटर पीळ, २:१ नंतर २८६. २५ मिमीच्या शाफ्टमध्ये याचा ताण ९३ मेगापास्कल येतो. साध्या ३१६ स्टेनलेसचा पीळ सोसण्याचा ताण ११८ च्या आसपास. एखादे लाकूड पंख्यात आले की संपले. ३० मिमी घेतला तर ताण ५४ वर येतो आणि दुपटीहून थोडे अधिक पाठबळ मिळते. २५ मिमीच हवा असेल तर सागरी शाफ्टसाठीचे जास्त ताकदीचे स्टेनलेस घ्या. दोन बेअरिंगांतले अंतर शाफ्टच्या व्यासाच्या २० ते ४० पट. त्याहून जवळ ठेवली तर शाफ्टला लवायला वाव राहत नाही आणि बेअरिंग खाते, लांब ठेवली तर शाफ्ट फटके मारतो. कटलेस बेअरिंगची (पंख्याजवळच्या रबरी बेअरिंगची) लांबी व्यासाच्या चौपट, आणि त्याला पुढून पाणी मिळेल अशी वाट, कारण त्याचे वंगण पाणीच.

पंखा शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसवताना एक चूक हमखास होते. चावी (शाफ्ट व पंख्याच्या खाचेत बसणारी पट्टी) जाड असली तर पंखा टेपरवर टेकतच नाही, चावीवर टेकतो. म्हणून आधी चावी न घालता पंखा घट्ट सरकवा, शाफ्टवर पेन्सिलने खूण करा, मग चावी घालून पुन्हा सरकवा. तो त्याच खुणेपर्यंत आला पाहिजे. नाही आला तर चावीचा माथा घासा. दोन नटांपैकी पातळ नट आधी, पंख्याला लागून, आणि जाड नट बाहेर. बाहेरचा आवळला की खरा भार त्याच्यावर येतो, म्हणून पूर्ण आटे त्याला हवेत. बहुतेक बोटींवर हे उलटे आढळते. शेवटी स्प्लिट पिन.

कपलिंगची रेषा बोट जमिनीवर असताना जुळवून उपयोग नाही, तो फक्त कच्चा अंदाज. बोट पाण्यात एक-दोन दिवस राहू द्या, टाकी निम्मी भरा, मग कपलिंगचे बोल्ट काढून दोन तोंडांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलरने पाहा. १०० मिमीच्या कपलिंगला सर्वांत मोठ्या आणि लहान फटीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. स्टफिंग बॉक्सची (शाफ्ट हलमधून बाहेर पडतो तिथल्या पाणीरोधक सांध्याची) ग्लँड डोरी प्रत्येक फेरा वेगळा कापून, सांधे एकमेकांसमोर येणार नाहीत असे भरा आणि चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडू द्या. पूर्ण कोरडी आवळली की शाफ्टवर खाच पडते. मग कितीही डोरी भरा, गळती थांबत नाही.

पंख्याची निवड करताना जेटची सवय विसरावी लागते. जेट इंजिनाकडून किती ताकद घेणार हे फक्त फेऱ्यांवर ठरते, बोट रिकामी की भरलेली याने जवळजवळ फरक पडत नाही. पंख्याचे तसे नाही. बोट जड झाली, वेग पडला, की पंखा इंजिनाला दाबून धरतो. रिकाम्या बोटीवर छान वाटणारा पंखा चार माणसे आणि भरलेली टाकी आली की इंजिन ४,००० फेऱ्यांवर गुदमरवतो. उघडा थ्रॉटल आणि अडलेले फेरे ही पिस्टन व झडपा जाळण्याची खात्रीची रीत. म्हणून चाचणी पूर्ण भार घालूनच करा, आणि त्या भारात इंजिन ठरलेल्या कमाल फेऱ्यांना पोचेल असा पंखा ठेवा. ५,००० फेऱ्यांचे इंजिन, २:१, पंखा २,५०० फेरे. १५ इंच पिच (एका फेऱ्यात पंख्याने जेवढे पुढे जावे ते अंतर) म्हणजे घसरण नसती तर ताशी ५७ किलोमीटर. २२ टक्के घसरण धरून ४४–४५, म्हणजे २४ नॉट. १४ गुणिले १५ चा पंखा ही सुरुवात झाली. फेरे कमी पडले तर एक इंच पिच उतरवल्याने इंजिनाचे साधारण १५०–२०० फेरे वाढतात. रोजची चाल ४,००० फेऱ्यांची ठेवा. पंख्याची मागणी फेऱ्यांच्या घनाने बदलते, म्हणून ८० टक्के फेऱ्यांना ताकद निम्मीच लागते.

ही निम्मी ताकदही मोटारीच्या इंजिनाला नवीनच असते. सपाट रस्त्यावर ताशी ९०–१०० किलोमीटरला साधारण मोटार १५–२० किलोवॅट घेते. बोटीत त्याच इंजिनाला ३५–४० किलोवॅट तासन्‌तास द्यायचे आहेत, मधे उतार नाही, सिग्नल नाही. त्यामुळे पाण्याचा आणि ऑइलचा प्रश्न मोटारीपेक्षा कडक.

पाणी येणार कुठून, तर बहुतेक जेट बोटींत ते जेटच्या पंपातूनच दाबाखाली एका नळीने येते. समुद्राच्या पाण्याचा वेगळा पंप नसतोच. जेट गेले की इंजिन कोरडे. नवे समुद्रतोंड (पाणी आत घेणारे तळातले तोंड), झडप, गाळणी, रबरी इंपेलरचा पंप आणि दबून चपटी न होणारी तारेची नळी हे सारे नव्याने घालावे लागते. पूर्ण ताकदीला ७५ किलोवॅटच्या पेट्रोल इंजिनातून जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात येते. पाणी १५ अंशांनी तापू द्यायचे तर मिनिटाला सुमारे ७० लिटर प्रवाह हवा. खारे पाणी थेट ब्लॉकमध्ये सोडू नका, विशेषतः हेड अॅल्युमिनियमचे असेल तर. सोडलेच तर थर्मोस्टॅट ६० अंशांचा ठेवावा लागतो, नाहीतर आत क्षार साचतात, आणि ६० अंशांवर मोटारीचे इंजिन कायम गारठलेले राहून ऑइलमध्ये पेट्रोल व पाणी उतरते. हीट एक्स्चेंजर घालून आत कूलंट आणि बाहेर समुद्राचे पाणी हाच मार्ग. पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरला तर मिनिटभरात पाती तुटतात आणि तुकडे एक्स्चेंजरच्या नळ्यांत जाऊन बसतात. इंपेलर बदलताना तुटलेली पाती मोजून सगळी शोधून काढा.

एक्झॉस्टसाठी मोटारीचा ओतीव मॅनिफोल्ड बंद कप्प्यात चालत नाही, तो भाराखाली लाल होतो. पाण्याचे आवरण असलेला मॅनिफोल्ड आणि त्यावर रायझर (एक्झॉस्ट वर नेऊन खाली वळवणारी नळी) हवा. रायझरचा माथा भरलेल्या बोटीच्या पाणरेषेपासून निदान ३०० मिमी वर, आणि पाणी त्या माथ्यानंतर उताराला सोडायचे, आधी नाही. इथे चूक झाली तर एक दिवस पाणी उलटे सिलिंडरमध्ये येते. सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन चालू होत नसेल आणि सेल्फ वारंवार मारावा लागत असेल तर समुद्रतोंडाची झडप बंद करून मारा, कारण पंप तर पाणी भरतच असतो आणि ते बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. इंजिन लागताच झडप उघडायची, हे मात्र विसरायचे नाही.

पेट्रोल इंजिन असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. मोटारीत ती खालून निघून जाते, बोटीत ती तळात साचते. मोटारीचा सेल्फ, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्या उघड्या छिद्रांतून ठिणगी बाहेर पडू शकते. ठिणगीबंद, सागरी जातीचेच भाग घ्या. एअर फिल्टरच्या जागी ज्वालारोधक जाळी, कार्ब्युरेटर असेल तर उतू गेलेले पेट्रोल बाहेर न सांडता आतच ओढणारा, पेट्रोलची नळी आय.एस.ओ. ७८४० च्या आगरोधक जातीची, आणि कप्प्याच्या तळातून वाफ ओढणारा ब्लोअर. सेल्फ मारण्याआधी ब्लोअर चार मिनिटे चालवायचा. काटकसर इतर कुठेही करा.

ऑइलचा घोळ कलामुळे होतो. शाफ्ट १२ अंश आणि वेगात नाळ आणखी ४–५ अंश वर, म्हणजे इंजिन १६–१७ अंश मागे झुकलेले. ज्याचा ऑइलचा चेंबर पुढे खोल आहे त्याच्या ऑइल पंपाचे तोंड यात उघडे पडते आणि बेअरिंगे जातात. ऑइलचा दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ८ अंश खाली वळवलेला गिअरबॉक्स मिळाला तर इंजिन ४ अंशांवर राहते आणि बराचसा प्रश्न मिटतो. ठरलेले ऑइल मोजून भरा, बोट पाण्यात असताना डिपस्टिकवर नवी खूण करा, जुनी विसरा. ऑइल कूलर हवाच. अलीकडची इंजिने घेणाऱ्यांनी ई.सी.यू. (इंजिनाचा संगणक) आणि संपूर्ण वायरिंग त्याच गाडीचे घ्यावे आणि किल्लीचा इमोबिलायझर (चोरीरोधक अडसर) आधी सोडवून घ्यावा. गाडीच्या वेगाचा सेन्सर नाही म्हणून काही ई.सी.यू. फेरे अडवतात, हे बोट बांधून झाल्यावर कळणे फार महाग पडते. डिझेल घेतले तर टर्बोला उष्णतेचे आवरण आणि इंटरकूलरला हवेऐवजी समुद्राचे पाणी द्यावे लागते.

जेट बोटीला सुकाणू नसते, नोझलच वळते, आणि हलला खाली कणाही नसतो. शाफ्टवर गेल्यावर सुकाणू नव्याने घालायचे. ५ मीटर पाणरेषा आणि ०.४ मीटर खोली यांच्या गुणाकाराच्या २ टक्के, म्हणजे ०.०४ चौरस मीटर, साधारण २०० गुणिले २०० मिमीचे पाते हा अंदाज. २४ नॉटला ते पूर्ण वळवले तर त्यावर ३०० किलोच्या आसपास जोर येतो. दांडा २५ मिमीचा स्टेनलेस घेतला तर वाकेल, ३० मिमीचा घ्या. पात्याचा १५–१७ टक्के भाग दांड्याच्या पुढे ठेवला की चाक हलके फिरते. ३५ अंशांवर पक्के अडसर द्या. दांडा शाफ्टच्या रेषेतून जरा बाजूला बसवला तर पुढे शाफ्ट काढताना सुकाणू उतरवावे लागत नाही. जेटची जुनी स्टिअरिंग केबल या भाराची नसते.

धातूंचे वैर वेगळे सांगायला नको, पण बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे झिंकचे खाऱ्या पाण्यासाठी, मॅग्नेशियमचे गोड्या पाण्यासाठी आणि मचूळ पाण्याला अॅल्युमिनियमचे, एवढे लक्षात ठेवावे. अॅल्युमिनियमच्या हलखाली कांस्याचा पंखा असेल तर शाफ्ट कपलिंगपाशी विजेच्या दृष्टीने अलग करा, आणि तांबे असलेला तळरंग त्या हलला कधीही लावू नका.

चालवणाऱ्याला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पूर्वी बोट जितक्या पाण्यात तरंगत होती त्यापेक्षा आता सुमारे ४१० मिमी जास्त पाणी हवे, आणि किनाऱ्याला नाळ टेकवून मागे पाण्यात पाय सोडून बसण्याची जेटची सवय बंद. दुसरी जास्त गंभीर. जेटला बाहेर पाती नसतात, म्हणून अशा बोटींच्या मागे पोहणारे, शिडीने चढणारे बिनधास्त असतात. पंखा आल्यावर शिडी बाजूला हलवा, चालवणाऱ्याच्या अंगाला दोरीने बांधलेला बंद-स्विच लावा, आणि कुणीही पाण्यात असेल तर न्यूट्रल पुरेसा मानू नका, इंजिन बंद करा. बोटीच्या नोंदणीत आणि विम्यात इंजिन व चालनाचा प्रकार लिहिलेला असतो, तोही बदलून घ्यावा लागतो.

पहिल्या पाच तासांनंतर कपलिंगचे बोल्ट, माउंटचे नट आणि पी-ब्रॅकेटचे (पंख्याजवळ शाफ्ट धरणाऱ्या आधाराचे) बोल्ट पुन्हा आवळा, कपलिंगची फट पुन्हा मोजा, आणि बुजवलेल्या भोकाच्या कडेवर आतून हात फिरवून ओल लागते का पाहा. ओल लागली तर बोट वर घ्या. वरून फायबरचा आणखी एक थर मारून ती थांबत नाही, कडेचा उतार पुन्हा घासूनच काम करावे लागते.

आपला विश्वासू,
सागरी इंजिने व बोटबांधणीच्या कामातला एक वाचक